रेझिनचे सिलिकॉन मोल्ड जास्त दिवस कसे टिकवायचे: नवीन लोकांसाठी सगळं पायरी पायरीने

रेझिन म्हणजे मोल्डमध्ये (साच्यात) ओतून घट्ट करायचं पातळ प्लास्टिक, बहुतेक वेळा त्यात ते घट्ट करणारा हार्डनर मिसळतात. हे काम नवीन नवीन सुरू केलं की सगळं डोकं रेझिनमध्येच अडकलेलं असतं, कुठलं रेझिन घ्यायचं, रेशो (रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण) काय, बबल कसे घालवायचे, आणि मोल्डकडे कोणी बघतच नाही. आणला, ओतलं, काढलं, धुतला न धुतला आणि डब्यात टाकला. मग हळूहळू पीस धुरकट निघायला लागतात, एखाद्या कोपऱ्यात चिकटतात, ओढताना कड फाटते आणि आपण म्हणतो मोल्डच हलका होता. कधी कधी तो खरंच हलका असतो, पण बहुतेक वेळा मोल्ड चांगला असतो आणि वापरायच्या पद्धतीमुळे तो लवकर संपतो. मी हे काम बरेच दिवस करतेय आणि नवीन लोक सगळ्यात जास्त हेच विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहितेय.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. मोल्डचा आतला भाग जसा असेल तसाच पीस निघणार. आत चकचकीत असेल तर पीस चकचकीत, आत बारीक ओरखडा असेल तर पीसवर तोच ओरखडा उठून दिसणार, आत मागच्या वेळची ग्लिटर असेल तर ती या वेळच्या पांढऱ्या कोस्टरवर येणार. त्यामुळे खाली जे काही सांगितलंय ते सगळं त्या आतल्या भागासाठी आहे, बाहेरून मोल्ड कितीही कळकट दिसला तरी काही बिघडत नाही.

मोल्ड खराब होतो म्हणजे नक्की काय होतं

सिलिकॉनला रेझिन चिकटत नाही असं आपण म्हणतो ते खरं आहे, पण ते घट्ट झालेल्या रेझिनबद्दल. पातळ असताना रेझिन आणि हार्डनरचा थोडा थोडा अंश दर वेळी सिलिकॉनमध्ये मुरतो आणि सिलिकॉनमधलं तेलही थोडं थोडं कमी होत जातं. हे डोळ्याला दिसत नाही. आधी मोल्डची चमक जाते, मग तो कडक व्हायला लागतो, मग रेझिन धरून ठेवतो आणि शेवटी फाटतो. हे पूर्ण थांबवता येत नाही, पण याचा वेग खूप कमी करता येतो.

वेग वाढवणाऱ्या मुख्य गोष्टी दोन, एक गरमी आणि दुसरी नीट न सुकलेलं रेझिन. शिवाय रेझिन कुठलं यावरही बरंच आहे. नेहमीचं इपॉक्सी मोल्डला त्यामानाने सौम्य असतं, पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन नावाचं द्रावक असतं ते सिलिकॉनमध्ये जोरात मुरतं, आणि यूव्ही रेझिन (यूव्ही दिव्याखाली घट्ट होणारं) पटकन आणि गरम होऊन सेट होतं त्यामुळे छोट्या दागिन्यांच्या मोल्डची चमक ते लवकर घालवतं. म्हणून इपॉक्सीचे आणि यूव्हीचे मोल्ड वेगळे ठेवा, एकातच दोन्ही वापरू नका.

सिलिकॉनचे पण दोन प्रकार असतात, प्लॅटिनम क्युअर आणि टिन क्युअर (क्युअर म्हणजे घट्ट होणं, नावं त्यासाठी वापरलेल्या धातूवरून). तयार मोल्ड घेणाऱ्यांना याचा फार विचार करायची गरज नाही, पण स्वतः लिक्विड सिलिकॉन आणून मोल्ड बनवणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की टिनचा मोल्ड थोडा आक्रसतो आणि काही वर्षांत वापरला नाही तरी ठिसूळ होत जातो, प्लॅटिनमचा जास्त टिकतो पण तो बनवताना नखरे जास्त, गंधक असलेली क्ले किंवा लॅटेक्सचे ग्लोव्हज लागले तरी सेट होत नाही, चिकटच राहतो.

जवळ काय काय असू द्या

- भांडी घासायचं साधं लिक्विड सोप
- अगदी मऊ स्पंज, आणि कोपऱ्यांसाठी मऊ केसांचा ब्रश (मेकअपचा जुना ब्रश उत्तम)
- धागे न सुटणारं कापड, चष्मा पुसायचं असतं तसलं
- रुंद चिकटपट्टी किंवा कपड्यांवरचे केस काढायचा रोलर
- आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली
- नायट्राइल ग्लोव्हज
- ग्रॅमचा दशांश दाखवणारा वजनकाटा
- कडक सपाट बोर्ड किंवा टाइल, आणि लेव्हल बघायची पट्टी
- झाकणाचे सपाट डबे आणि झिपच्या पिशव्या

आणि टेबलावरून उचलून लांब ठेवायच्या गोष्टी म्हणजे कटर, पिना, तारेची घासणी, थिनर, पेट्रोल, व्हॅसलीन आणि वर्तमानपत्र. प्रत्येकाचं कारण पुढे येईलच.

१. नवीन मोल्ड आल्या आल्या

पाकिटातून काढून थेट रेझिन ओतू नका. नवीन मोल्डवर कारखान्यातली धूळ, पावडर, कधी थोडं तेलकट असतं, ते पहिल्या पीसवर डाग म्हणून येतं. कोमट पाणी आणि लिक्विड सोपने धुवा आणि उघड्यावर वाळवा.

मोल्ड घडी पडून किंवा वाकडा होऊन आला असेल तर गरम पाण्यात काही मिनिटं बुडवा, मग सपाट टाइलवर ठेवून वर दुसरा सपाट बोर्ड आणि थोडं वजन ठेवून रात्रभर राहू द्या. पॅकिंगमुळे आलेला बाक याने बराचसा जातो. जाड कोस्टर मोल्डला वेळ लागतो, दोनदा करावं लागू शकतं. वाकड्या मोल्डमध्ये ओतून वरून वजन ठेवून सरळ होईल असं समजू नका, पीस वाकडाच निघतो.

याच वेळी मोल्ड उजेडात तिरका धरून आतून नीट बघून घ्या. ओरखडा, सिलिकॉनमध्ये अडकलेला बबल, कडेला राहिलेला सिलिकॉनचा तुकडा, जे असेल ते आत्ताच दिसतं आणि बदलून घ्यायचा असेल तर आत्ताच घेता येतो, एकदा वापरला की कोणी बदलून देत नाही.

२. ओतायच्या आधी दर वेळी

सिलिकॉनवर स्टॅटिक तयार होतं त्यामुळे धूळ, केस, कपड्याचे धागे सगळं त्याच्याकडे ओढलं जातं. कापडाने पुसलं की उलट अजून धागे येतात. त्यापेक्षा चिकटपट्टीचा तुकडा बोटाला उलटा गुंडाळा आणि मोल्डच्या आत टपटप दाबत फिरा, उजेडात बघा, परत फिरा. अक्षरांच्या मोल्डमध्ये कोपरे अरुंद असतात तिथे चिकटपट्टीची बारीक सुरळी करून घाला. काळ्या किंवा क्लिअर पीससाठी हे करायलाच हवं, कारण तिथे एक केससुद्धा लपत नाही.

मोल्ड आतून पूर्ण कोरडा आहे ना तेही बघा. धुतल्यानंतर कोपऱ्यात पाण्याचा थेंब राहिला तर तिथलं रेझिन पांढुरकं आणि मऊ राहतं, आणि तेच मऊ रेझिन मग मोल्डला धरून बसतं.

३. रेझिन बरोबर मिसळा, मोल्डची खरी काळजी इथेच घेतली जाते

रेशो चुकला किंवा नीट ढवळलं नाही तर काही भाग कधीच पूर्ण सुकत नाही. तो चिकट भाग मोल्डच्या अंगाला लागून राहतो, सिलिकॉनमध्ये मुरत राहतो, आणि तुम्ही दोन दिवसांनी नखाने, पिनेने, कापसाने तो खरवडत बसता, म्हणजे एकाच चुकीत मोल्डवर दोनदा मार.

इथे नवीन लोक एका ठिकाणी हमखास फसतात. काही रेझिनचा रेशो मापाने म्हणजे व्हॉल्यूमने दिलेला असतो आणि काहींचा वजनाने. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे मापाने २:१ असलेलं रेझिन काट्यावर २:१ घेतलं तर हार्डनर जास्त पडतो. बाटलीवर काय लिहिलंय ते शांतपणे वाचा, दोन्ही रेशो दिले असतील तर वजनाचा घ्या, काटा जास्त भरवशाचा. आणि लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवायचा हा सल्ला कुठेही ऐकलात तरी ऐकून सोडून द्या, जास्तीचा हार्डनर सुकत नाही, तो सरळ मोल्डमध्ये मुरतो.

ढवळताना कपच्या कडा आणि तळ खरवडून घ्या, मग सगळं मिश्रण दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून परत थोडं ढवळा. पहिल्या कपाच्या कडेला चिकटलेलं न मिसळलेलं रेझिन मोल्डमध्ये खरवडून टाकू नका, ते तिथेच राहू दे, थोडं वाया गेलं तरी चालेल.

जाडीचं पण बघा. इपॉक्सी सुकताना स्वतः गरम होतं आणि एका जागी जितकं जास्त तितकं जास्त गरम. पातळ थरासाठीचं रेझिन खोल मोल्डमध्ये एकदम भरलं तर ते इतकं तापतं की पीस पिवळा पडतो, तडकतो आणि मोल्डची चमक एका दिवसात जाते. खोल मोल्डसाठी डीप पोअर (जाड थरात ओतायचं) रेझिन घ्या, नाहीतर बाटलीवर जितकी जाडी सांगितलीय तितक्याच थरात, मधे थंड होऊ देत देत भरा.

४. ओतताना

मोल्ड आधी बोर्डवर ठेवा आणि मगच भरा. भरल्यावर हाताने उचलला की मोठे ट्रे मोल्ड मधे झोळतात, रेझिन सांडतं आणि पीस वाकतो. बोर्ड लेव्हलमध्ये आहे का ते ओतायच्या आधी बघायचं.

काठोकाठ भरू नका. रेझिन काठावरून बाहेर आलं की सुकल्यावर त्याची पातळ धारदार पापडी होते, ती मोल्डच्या ओठाला धरून बसते आणि मोल्ड फाटतात ते बहुतेक वेळा याच जागी. सांडलंच तर ओलं असतानाच अल्कोहोलचा बोळा फिरवून काठ पुसून घ्या, बोळा आतल्या रेझिनला लागू देऊ नका.

बबलसाठी ज्वाला वापरायची नाही, म्हणजे टॉर्च, लायटर काहीच नाही. सिलिकॉन गरमी बरीच सहन करतं पण थेट ज्योत लागली की पृष्ठभाग जळतो आणि तो भाग कायमचा मॅट (बिनचमकीचा) होतो. हीट गन चालेल, पण लांबून, सतत हलवत, काही सेकंदच आणि रेझिनवर, मोल्डच्या भिंतीवर नको. छोट्या मोल्डमध्ये मला तर टूथपिकच बरी वाटते, लाकडी आणि टोक थोडं बोथट केलेली, सुई अजिबात नको कारण ती तळाला लागली की टोचलेली जागा प्रत्येक पीसवर टिंब म्हणून येत राहते.

शंख, खडे, मेटलचे तुकडे टाकत असाल तर टोकदार बाजू मोल्डच्या भिंतीला घासत नाही ना बघा. आधी पातळ थर ओतून तो थोडा जमल्यावर मग वस्तू ठेवली तर मोल्ड पण वाचतो आणि पीस पण गुळगुळीत निघतो.

मग वर उलटा डबा झाकून विसरून जा.

५. काढायची घाई

मोल्ड फाटण्याचं आणि धुरकट होण्याचं सगळ्यात मोठं कारण घाई आहे, म्हणून यावर जरा सविस्तर.

बहुतेक इपॉक्सीला काढण्यासाठी निदान २४ तास लागतात, जाड पीस आणि डीप पोअरला ४८ ते ७२ तास किंवा त्याहून जास्त, आणि खोलीचं तापमान २० अंशाच्या खाली असेल तर अजून जास्त. वरून हाताला कडक लागलं म्हणजे आतून झालं असं नाही. त्याच मिश्रणातलं थोडं कपात राहिलेलं असतं त्याला नख लावून बघा, नखाचा ठसा उमटला तर हात लावू नका. पण पातळ कीचेन किंवा बुकमार्क असेल तर तो कपातल्या जाड गोळ्यापेक्षा हळू सुकतो, कारण त्याच्यात गरमी कमी तयार होते, त्यामुळे पातळ पीसला कपाच्या अंदाजापेक्षा थोडा जास्तच वेळ द्या.

आता काढायची पद्धत. आधी मोल्डची चारही बाजूंची भिंत हलक्या हाताने बाहेरच्या बाजूला ओढून सोडत चला, फक्त हवा आत शिरली पाहिजे. पारदर्शक मोल्ड असेल तर हे बघायला फार छान दिसतं, जिथे पीस अजून चिकटलेला असतो तो भाग ओला आणि गडद दिसतो आणि हवा शिरली की तिथे चंदेरी झाक येते. ती चंदेरी झाक कडेकडेने पुढे सरकत तळापर्यंत गेली की मग मोल्ड उलटा करायचा आणि मागून अंगठ्याने दाबत पीस बाहेर ढकलायचा. पीस धरून ओढायचा नाही, मोल्ड त्याच्यावरून सोलायचा.

कुठे अडला तर कडेला साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडा आणि भिंत हलवा, पाणी आत सरकतं आणि पीस सुटतो. तरीही नाही आला तर अख्खा मोल्ड गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा, इपॉक्सी गरम झाल्यावर जरा लवचिक होतं आणि खाचा असलेल्या डिझाइनमधून सहज निघतं. मात्र गरम असताना पीस वाकतो पण, त्यामुळे काढल्यावर लगेच सपाट टाइलवर ठेवून थंड होऊ द्या. पट्टी, चमचा, सुरी आत घालून उचकटायचा विचारही नको.

गोल बॉलच्या मोल्डला वरती छोटंसं तोंड असतं आणि कधी बाजूला चीर असते. ती चीर जितकी आहे तितकीच वापरा, ताण दिला की ती दर वेळी थोडी थोडी वाढत जाते. कीचेनच्या मोल्डमध्ये भोकासाठी जो बारीक खांब असतो तो पण असाच नाजूक, तो तुटला की मोल्ड संपला नाही तरी भोक ड्रिलने पाडावं लागतं. पीस तिरका न काढता त्या खांबावरून सरळ वर उचला.

६. धुणं

प्रत्येक वेळी धुवायलाच पाहिजे असं नाही. पीस स्वच्छ निघाला, आत काही राहिलं नाही, तर चिकटपट्टी फिरवून पुढचं काम करता येतं. पण ग्लिटर, मायका पावडर (चमकदार रंगाची पूड), अल्कोहोल इंक (अल्कोहोलमधला पातळ रंग) वापरली असेल, साबणाचं पाणी सोडलं असेल किंवा मोल्ड ठेवून द्यायचा असेल तर धुवाच.

पद्धत साधी आहे. आधी कोरडा असतानाच काठावरच्या पापड्या आणि कण चिकटपट्टीने उचलून घ्या, हे आधी केलं नाही तर ते कण स्पंजखाली येऊन ओरखडे पाडतात. मग कोमट पाणी, दोन थेंब सोप, बोटाने किंवा मऊ स्पंजने हलकं फिरवा, कोपऱ्यात मऊ ब्रश. भांड्यांच्या घासणीची हिरवी खरखरीत बाजू चुकूनही लावू नका. भरपूर पाण्याने साबण पूर्ण काढा, झटका आणि उलटा करून जाळीवर वाळत ठेवा, उन्हात नाही, सावलीत. टॉवेलने पुसू नका, धागे.

अल्कोहोलबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात, कोणी म्हणतं दर वेळी त्यानेच पुसा, कोणी म्हणतं अजिबात नको. माझं मत असं की जिथे चिकट रेझिन आहे तिथेच, कापडावर थोडंसं घेऊन, आणि लगेच साबणाच्या पाण्याने धुऊन टाका. रोजची सवय लावलीत तर मोल्ड कोरडा पडतो आणि चमक लवकर जाते. थिनर, पेट्रोल, टर्पेंटाइन मात्र कधीच नाही, सिलिकॉन ते शोषून फुगतं, मोल्डचा आकार बदलतो आणि उडून गेल्यावर पण तो पहिल्यासारखा राहत नाही.

७. आत चिकट रेझिन राहिलं तर

खरवडू नका, हे आधी. आधी दोन तीन दिवस उबदार जागी ठेवून बघा, कधी कधी ते फक्त उशिरा सुकणारं असतं.

तसंच चिकट राहिलं तर जास्तीचं कापडाने टिपून घ्या आणि त्याच मोल्डमध्ये बरोबर रेशोने मिसळलेलं ताजं रेझिन ओता, पूर्ण भरायची गरज नाही पण सगळा चिकट भाग झाकला गेला पाहिजे. ते पूर्ण सुकू द्या, नेहमीपेक्षा एक दिवस जास्तच, आणि मग सोला. नवीन रेझिन त्या चिकट थराला धरून स्वतःबरोबर घेऊन बाहेर येतं. हीच युक्ती कोपऱ्यात अडकलेल्या ग्लिटरसाठी पण चालते. यासाठी दुसऱ्या कामातून उरलेलं थोडं थोडं रेझिन उपयोगी पडतं, म्हणून उरलेलं फेकायच्या आधी बघा कुठला मोल्ड साफ करायचा राहिलाय का.

सगळं निघाल्यावर मोल्ड धुवा आणि एक दोन दिवस उघडा ठेवा. तसंही रोज एकाच मोल्डमध्ये ओतत असाल तर मधे एखादा दिवस त्याला मोकळा ठेवत जा, आत मुरलेलं थोडं तरी उडून जातं, आणि ऑर्डरचं काम असेल तर एकाच डिझाइनचे दोन मोल्ड आलटून पालटून वापरणं परवडतं.

८. रंगाचे डाग

अल्कोहोल इंक आणि काही गडद डाय सिलिकॉनमध्ये उतरतात. धुतलं तरी गुलाबी निळी छटा राहते, आणि नुसता मोल्ड रंगलाय तर काही हरकत नाही, पण तोच रंग पुढच्या पांढऱ्या किंवा क्लिअर पीसमध्ये उतरू शकतो. एक क्लिअर रेझिनचा थर ओतून काढला की बराच रंग त्याच्याबरोबर जातो. त्यापेक्षा सोपं म्हणजे क्लिअर आणि पांढऱ्यासाठी एक मोल्ड राखून ठेवा आणि त्यात गडद रंग ओतायचाच नाही. मोल्डवर मार्करने नाव, माप लिहू नका, तो पण रेझिनवर उमटतो, लिहायचं असेल तर पिशवीवर लिहा.

९. रिलीज स्प्रे लावायचा का

रिलीज स्प्रे म्हणजे पीस मोल्डला चिकटू नये म्हणून मारायचा फवारा. चांगल्या मोल्डला, साध्या आकाराला, इपॉक्सीसाठी रोज गरज नसते. बारीक खाचा असलेलं डिझाइन असेल, पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन रेझिन वापरत असाल, किंवा मोल्ड जुना होऊन धरायला लागला असेल तर लावा. अगदी पातळ, लांबून एक फवारा, मऊ ब्रशने पसरवा आणि बाटलीवर सांगितलेला वेळ सुकू द्या. जाड लावला की पीसवर ओघळ आणि ढगाळ डाग येतात. आणि ज्या पीसवर नंतर रंग किंवा दुसरा थर द्यायचाय तो साबणाने धुऊन घ्या, नाहीतर वरचा थर धरत नाही.

स्प्रे नाही म्हणून व्हॅसलीन, खोबरेल, मशीनचं तेल लावू नका. पीसवर बोटांचे फराटे उमटतात आणि व्हॅसलीन, मशीन ऑइलसारखे पेट्रोलियमचे पदार्थ सिलिकॉनमध्ये मुरून त्याला मऊ आणि कमजोर करतात.

१०. ठेवायचे कसे

स्वच्छ, पूर्ण कोरडे, सपाट, झाकलेले, उन्हापासून लांब. दोन भागांचा मोल्ड असेल तर भाग जोडून ठेवा म्हणजे दोन्ही एकमेकांचा आकार धरून राहतात. एकावर एक ठेवायचे झाले तर जड खाली आणि मधे कोरा बटर पेपर. वर्तमानपत्र किंवा छापील कागद नको, शाई आत उतरते. घडी करून, सुरळी करून किंवा डब्यात कोंबून ठेवलेला मोल्ड काही महिन्यांनी तसाच वाकलेला निघतो आणि जुना बाक गरम पाण्याने सहज जात नाही. ट्रेसारखे मोठे मोल्ड भिंतीला टेकवून उभे ठेवू नका.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ज्या मोल्डमध्ये एकदा रेझिन ओतलं तो परत चॉकलेट, केक, बर्फ कशालाच वापरायचा नाही, कितीही धुतला तरी नाही. रेझिनचे मोल्ड स्वयंपाकघराच्या बाहेरच ठेवा आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात रेझिन असं लिहा, कारण घरातल्या दुसऱ्या कोणाला ते कळणार नाही.

११. फाटला तर

सिलिकॉनला सिलिकॉनच चिकटतं. झटपट चिकटणारा गोंद, फेविकॉल, सेलोटेप यातलं काही टिकत नाही. चीर बाहेरच्या भिंतीला असेल तर दोन्ही कडा अल्कोहोलने पुसून कोरड्या करा, पारदर्शक सिलिकॉन सीलंटचा पातळ थर आत भरा, कडा जुळवून धरा, आतल्या बाजूला आलेलं लगेच पुसा आणि २४ तास हलवू नका. सीलंट हवेतल्या ओलाव्याने सुकतं त्यामुळे डब्यात बंद करून ठेवू नका. लिक्विड सिलिकॉन घरात असेल तर ते जास्त चांगलं. चीर आतल्या तळाला, म्हणजे पीसच्या दर्शनी बाजूला असेल तर जोड उमटणारच, तिथे दुरुस्तीवर फार वेळ घालवू नका.

१२. कधी बाजूला काढायचा

मोल्ड उजेडात तिरका धरला की मॅट झालेले ठिपके दिसतात, सुरुवात बहुतेक मधोमध होते कारण तिथे रेझिन सगळ्यात जास्त तापतं. थोडं धुरकट आलं तर पीसवर वरून एक पातळ थर क्लिअर रेझिनचा दिला की चमक परत येते, त्यामुळे मॅट झाला म्हणून लगेच टाकू नका. ज्या पीसला रंग द्यायचाय किंवा सॅंडिंग करायचंय त्याच्यासाठी असा मोल्ड मस्त चालतो. पण कडा वाकवल्यावर बारीक भेगा दिसायला लागल्या, किंवा नीट सुकलेला पीस पण सोलताना सिलिकॉनचे कण घेऊन यायला लागला, तर त्या मोल्डचं काम संपलं. सिलिकॉन वितळवून परत वापरता येत नाही, त्यामुळे त्याचे तुकडे करून टेबलावर खाली ठेवायला पॅड म्हणून वापरा, सांडलेलं रेझिन त्यावरून सुकल्यावर सोलून निघतं.

डिझाइन तुमचं स्वतःचं असेल तर मोल्ड नवा असतानाच त्यातला सगळ्यात सुंदर निघालेला एक पीस न विकता बाजूला ठेवा, पुढे त्याच्यावरूनच नवीन मोल्ड बनवता येतो. फक्त तो पीस ओतल्यावर निदान काही आठवडे पूर्ण पक्का होऊ द्या आणि आधी पीसच्या मागच्या बाजूला सिलिकॉनचा एक थेंब टाकून बघा, कारण इपॉक्सीच्या हार्डनरमधले अमाइन नावाचे घटक उरले असतील तर प्लॅटिनम सिलिकॉन त्याच्यावर सेट होत नाही, आणि यूव्ही रेझिनच्या पीसवर तर हा त्रास जास्तच होतो. थेंब चिकट राहिला तर त्या पीससाठी टिन क्युअर सिलिकॉन घ्या.